पाकिटातला पासवर्ड

किल्लीबाईंचे पणजोबा कुलपे घडवीत. त्यांनी केलेले कुलूप दुसऱ्याच्या किल्लीने कधी उघडले नाही, असा त्यांचा लौकिक होता. त्यांचे चिरंजीव, म्हणजे बाईंचे आजोबा, खजिन्याच्या दारावर पहारेकरी होते; एकोणतीस वर्षे त्या दाराला पाठ देऊन उभे राहिले आणि आत काय आहे हे वळून पाहण्याची इच्छा त्यांना एकदाही झाली नाही. आजोबांचे थोरले चिरंजीव, बाईंचे वडील, महाविद्यालयाचे भांडारपाल झाले. खडूच्या डब्यापासून प्रयोगशाळेतल्या तराजूपर्यंत सगळे त्यांच्या किल्लीखाली असे, आणि सायंकाळी घरी परतल्यावर आधी जुडगा खुंटीला लागे, मगच पायांतल्या वहाणा निघत. अशा तीन पिढ्यांच्या पाठीवर चौथी उभी राहिली, ती ताठच उभी राहणार. त्याच महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात बाईंनी चौतीस वर्षे काढली, त्यांतली अठ्ठावीस विभागप्रमुखाच्या खुर्चीवर. त्यांचे खरे नाव पगारपत्रकापुरते उरले होते. प्राचार्यांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना किल्लीबाई म्हणत, आणि समोर म्हणत तेच माघारीही म्हणत. नोकरीत ही प्रतिष्ठा फार थोड्यांच्या वाट्याला येते.

निवृत्तीला बारा आठवडे उरले होते. दुसऱ्या मजल्याच्या टोकाला असलेल्या त्या खोलीपर्यंतच्या चौसष्ट पायऱ्या आता बाईंना रोज नव्याने मोजाव्या लागत. खोलीत तीन टेबले, चार लोखंडी कपाटे, विद्यार्थ्यांसाठी काचेची एक खिडकी आणि तिला हात आत जाईल एवढे अर्धगोल भोक. पंखा फिरे, पण वारा खाली उतरेपर्यंत दमून जाई. बाईंचेही तसेच झाले होते. काम चुकत नव्हते. कामाची हौस मात्र कुठेतरी त्या पायऱ्यांवर राहून गेली होती.

या थकव्यात पासवर्डाने भर घातली.

कुठल्याशा दुसऱ्या महाविद्यालयात कोणीतरी गुणांत फेरफार केला, आणि त्याचे खापर इथल्या सगळ्यांच्या डोक्यावर नियमांच्या रूपाने फुटले. दर तीस दिवसांनी पासवर्ड बदलायचा. त्यात आकडा हवा, चिन्ह हवे, मागचा पुन्हा चालणार नाही. आणि तो कोणालाही सांगायचा नाही, सांगितल्यास कारवाई. हे सगळे समजावायला संगणक विभागाची प्रमुख मुलगी प्रत्येक विभागात फिरली. वय असेल अठ्ठावीस-तीस. चपळ, नीटनेटकी आणि न थकणारी. सगळे तिला पासवर्डबाई म्हणू लागले होते.

"मॅडम, एकच गोष्ट लक्षात ठेवा," ती म्हणाली. "किल्ली कपाटाची असते. पासवर्ड माणसाचा असतो."

"माणूस रजेवर गेला तर?" बाईंनी विचारले.

"तर त्याचं काम थांबेल."

"परीक्षा थांबत नाहीत, बाळ."

पासवर्डबाई हसली आणि सही घेऊन गेली. बाईंनी नियमावर सही केली आणि आपली पद्धत तशीच चालू ठेवली. ती पद्धत अशी. विभागात कोणीही रजेवर जाताना आपल्या कपाटाच्या किल्ल्या बाईंच्या हवाली करायचा; नोंदवहीत 'दिली' म्हणून त्याची सही, 'घेतली' म्हणून बाईंची. संगणक आले तेव्हा बाईंनी त्याच वहीत एक रकाना वाढवला. रजेवर जाणाऱ्याने पासवर्ड कागदावर लिहून खाकी पाकिटात घालायचा, पाकीट चिकटवून जोडावर आडवी सही करायची, वर पारदर्शक पट्टी. पाकीट बाईंच्या कपाटात. उघडायची वेळ आलीच तर तारीख, वेळ, कारण, सही. आठ वर्षांत तीनच पाकिटे उघडली गेली होती आणि तिन्हींची नोंद होती. यापेक्षा चोख बंदोबस्त त्या मुलीच्या यंत्रात असेल, हे बाईंना पटण्यासारखे नव्हते.

पाकीट देताना सर्वांत जास्त कुरकुर करीत ते टंकमास्तर. महाविद्यालयात टंकलेखनयंत्रे होती तेव्हापासूनचा हा माणूस. आता पुढ्यात संगणक होता, पण मास्तर त्याच्या कळांवर जुन्याच यंत्रासारखे प्रहार करीत. शेजारच्या टेबलावरचा चहा हिंदकळे.

"या यंत्राला माझा एकही पासवर्ड पसंत पडत नाही, बाई," ते म्हणत. "डाव्या हाताची पहिली ओळ दिली, तर म्हणतो फार सोपा आहे. सोपा? त्या ओळीवर मी पस्तीस वर्षं पोट भरलं."

"उजव्या हाताची द्या."

"तीही दिली. म्हणतो, मागेच वापरलीत. सगळं लक्षात ठेवतो मेला. बायकोसुद्धा एवढं लक्षात ठेवत नाही."

"त्या ठेवतात. बोलत नाहीत."

खिडकीवर बसणारी तरुण कारकून फाइलीआड हसे, आणि बाई तिच्याकडे एक कटाक्ष टाकत. विभागाचा दिवस असा चाले.

मास्तरांच्या पत्नीच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले. सोमवारपासून शनिवारपर्यंत रजा. रिवाजाप्रमाणे पाकीट आले, सह्या झाल्या. मंगळवारी सकाळी बाईंनी स्वतःचा संगणक सुरू केला. आदल्याच दिवशी त्यांचा तीस दिवसांचा पासवर्ड बदलला होता. त्यांनी तो टंकला. चुकला. चिन्ह आकड्याच्या आधी होते की नंतर, यावर त्या थबकल्या आणि दुसऱ्यांदा टंकला. तिसऱ्यांदा बोट शेजारच्या कळेवर पडले असावे. पडद्यावर लाल पट्टी उमटली: खाते बंद करण्यात आले आहे, संगणक विभागाशी संपर्क साधा.

त्यांनी फोन केला. पलीकडून पासवर्डबाईचा आवाज आला. "मॅडम, उघडून देते. फक्त नवा नियम आहे, ज्यांचं खातं बंद पडतं त्यांनी शुक्रवारचा वर्ग करायचा. दोन तासांचा आहे. वर्ग झाला की लगेच उघडते."

"आणि गुण भरायची मुदत उद्या पाचला संपते, त्याचं काय?"

"सरांकडून खास परवानगी घ्या ना. एक ओळ लिहून दिलीत की झालं."

एक ओळ. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर प्राचार्यांना लिहून द्यायचे की मी माझी किल्ली विसरले. आणि शुक्रवारी नव्या कारकुनांच्या बाकावर बसून त्या मुलीकडून शिकायचे की पासवर्ड म्हणजे काय. बाईंनी फोन ठेवला. त्या अतिशय दमल्या होत्या, आणि दमलेल्या माणसाला मान सांभाळण्याचे जवळचे रस्ते फार लवकर दिसतात. त्यांनी कपाट उघडले, मास्तरांचे पाकीट काढले, वहीत लिहिले: मंगळवार, अकरा चाळीस, कारण: माझे खाते बंद. खाली सही केली आणि पाकीट फोडले.

दुसऱ्या वर्षाच्या त्रेचाळीस विद्यार्थ्यांचे अंतर्गत गुण भरायचे होते. सतरावा विद्यार्थी गैरहजर होता. प्राध्यापकांच्या कागदावर त्याची ओळच नव्हती, पडद्यावर होती. मास्तर असते तर त्यांचा हात तिथे आपोआप थांबला असता, कारण त्यांनी आयुष्यभर ओळी मोजल्या होत्या. बाईंनी ओळी मोजल्या नाहीत. अठराव्याचे गुण सतराव्याला गेले, एकोणिसाव्याचे अठराव्याला, आणि अशी ती रांग शेवटपर्यंत एकेक पायरी वर सरकली. शेवटचा रिकामा राहिला. बाईंना वाटले, तोच गैरहजर.

शुक्रवारी गुण फलकावर लागले आणि दुपारी खिडकीच्या भोकातून एकाच वेळी चार हात आत आले. पहिल्या हातातला कागद पाहताच बाईंना सतरावी ओळ दिसली. त्यांनी मूळ कागद काढला, तासाभरात दुरुस्त यादी तयार केली आणि ती स्वतः प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"चूक कोणाची?" प्राचार्यांनी विचारले. शांत, वाचनाने डोळे अधू झालेला गृहस्थ. बाईंपेक्षा सहा वर्षांनी धाकटा.

"विभागाची. प्रमुख मी आहे, जबाबदारी माझी."

हे बोलणे भारदस्त होते आणि त्यात एक अक्षर खोटे नव्हते. पण 'जबाबदारी माझी' आणि 'चूक मी केली' या दोन वाक्यांच्या मध्ये एक माणूस सहज मावतो. तो माणूस सोमवारी मावला.

पासवर्डबाईने नोंदी तपासल्या होत्या. गुण भरणाऱ्याचे नाव: टंकमास्तर. वार मंगळवार, वेळ अकरा छप्पन. त्या वेळी टंकमास्तर रुग्णालयात पत्नीच्या उशाशी बसलेले होते. म्हणजे पासवर्ड दुसऱ्याच्या हातात होता. गुणांची चूक एका तासात सुधारली होती. ही चूक मात्र नियमांच्या पहिल्या पानावरची होती. सोमवारी दहा वाजता मास्तरांना खाली बोलावणे आले. बाई त्या वेळी खिडकीशी एका संतापलेल्या वडिलांची समजूत घालत होत्या. मागे वळल्या तेव्हा मास्तर परत येऊन जागेवर बसलेही होते.

"काय झालं?"

"काही नाही. सांगून आलो, पासवर्ड मी चिठ्ठीवर लिहून टेबलावरच ठेवला होता. कोणी वापरला, ठाऊक नाही."

बाई खुर्चीवर बसल्या. "पाकिटाचं बोलला नाहीत?"

"पाकिटाचं बोललो असतो तर पुढे वही आली असती. वहीत तुमची सही." मास्तरांनी चष्मा पुसला. "तुमचे दहा आठवडे राहिलेत, बाई. निरोपसमारंभाची पत्रिका मीच टंकली रजेआधी. मला काय, एक ताकीद देतील. कपाटात ठेवून देईन."

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला?"

"कोणी नाही. सवय आहे," मास्तर म्हणाले आणि कळा बडवू लागले.

ती सवय कुठे लागली हे त्या दोघांनाच ठाऊक होते. एकतीस वर्षे त्याबद्दल कोणी बोलले नव्हते.

त्या वेळी बाईंना नोकरीत तीन वर्षे झाली होती आणि प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली नुकतीच त्यांच्या हाती आली होती. एका सकाळी परीक्षेच्या दालनात दुपारच्या विषयाचे पाकीट फुटले. दोनशे मुलांनी प्रश्न वाचले. परीक्षा रद्द करावी लागली. पाकीट कपाटातून काढून दिले होते बाईंनी. वरचे लेबल वाचले नव्हते, त्या एवढ्या घाईत होत्या. दालनापर्यंत ते नेले होते मास्तरांनी. त्या वेळचे प्राचार्य गरजले तेव्हा बाईंच्या तोंडून शब्द फुटेना, आणि शेजारी उभे असलेले मास्तर म्हणाले, "साहेब, दोन पाकिटं होती. मीच चुकीचं उचललं." त्यांच्या सेवापुस्तकात शेरा पडला: हलगर्जी. तीन वर्षांनी विभागप्रमुखाच्या जागेसाठी दोन नावे पुढे आली. एकाच्या पुस्तकात शेरा होता, दुसरे पुस्तक कोरे होते. बाईंना खुर्ची मिळाली. मास्तरांनी त्या दिवशी सर्वांना स्वतःच्या खिशातून चहा पाजला होता. बाईंनी तो प्यायला होता.

मंगळवारी दुपारी आस्थापना विभागाच्या कारकुनाने जिन्यात बाईंना गाठले. हा गृहस्थ सर्वांची सेवापुस्तके सांभाळी आणि त्यांतले सगळे मनातही सांभाळी.

"मास्तरांचं अवघड दिसतंय, बाई," तो आवाज खाली करून म्हणाला. "गुरुवारी समिती बसतेय. पुस्तक मागवलं त्यांनी. त्यात जुना शेरा निघाला."

"मग?"

"पहिल्यांदा चूक झाली तर ताकीद देऊन सोडतात. शेरा असताना पुन्हा हलगर्जी म्हणजे सरळ घरी. नियमच तसा आहे. चार वर्षं उरलीत त्यांची, आणि घरी बायकोच्या डोळ्याला पट्टी. या वयात बाहेर कोण घेणार त्यांना?" त्याने मान हलवली. "माणूस गरीब आहे हो. पण दोनदा म्हणजे दोनदा."

बाई उरलेल्या पायऱ्या चढल्या नाहीत. तशाच खाली उतरल्या आणि प्राचार्यांच्या दारापर्यंत गेल्या. बाहेरचा शिपाई म्हणाला, साहेब बैठकीत आहेत, अर्धा तास लागेल. बाईंच्या मनावरचे ओझे क्षणभर उतरले. आणि ते उतरले हे लक्षात येताच त्यांना स्वतःची किळस आली; तरी अर्धा तास त्या थांबल्या नाहीत. खजिन्याकडे एकोणतीस वर्षे पाठ करून उभ्या राहिलेल्या माणसाची ही नात.

घरी त्यांचे यजमान व्हरांड्यात बसून एका जुन्या घड्याळाचे पोट उघडून बघत होते. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना हा एकच छंद होता. घड्याळे उघडत, मिटत, चालत मात्र नसत.

"अहो, मला तुम्हाला काही सांगायचंय," बाई म्हणाल्या, आणि उभ्या उभ्याच दोन्ही गोष्टी सांगितल्या. आधी पाकिटाची, मग एकतीस वर्षांपूर्वीची.

यजमानांनी चिमटा खाली ठेवला. "दुसरी मला कधी बोलली नाहीस."

"कोणालाच बोलले नाही."

"आता बोललीस तर काय होईल?"

"खुर्ची जाईल. समारंभ जाईल. बाबांच्या कॉलेजात त्यांच्या मुलीच्या नावावर शेरा पडेल."

"आणि नुसती पाकिटाची सांगितलीस तर?"

"तरी मास्तरांनी पासवर्ड दुसऱ्याच्या हातात दिला हे राहतंच. माझ्या हुकमावरून दिला, एवढंच. ताकीद त्यांना बसणारच, आणि मागचा शेरा तसाच राहिला तर ती दुसरी ठरते. जुनं पुसल्याशिवाय ते सुटत नाहीत."

यजमानांनी घड्याळ बाजूला सारले. "मग मला कशाला विचारतेस? तुझं ठरलंय."

"विचारत नाही. सांगतेय."

"तेच म्हटलं," यजमान म्हणाले आणि पुन्हा चिमटा उचलला. थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "बस तरी. कधीची उभी आहेस."

बुधवारी सकाळी बाईंनी खिडकीवरच्या मुलीला ग्रंथालयात एक यादी तपासायला पाठवले. मग आपली खुर्ची मास्तरांच्या टेबलाशी ओढली.

"एक निवेदन टंकायचंय. तीन प्रती. समितीपुढे जायचंय."

"कोणाचं?"

"माझं. घ्या."

मास्तरांनी बाईंकडे पाहिले, बोटे कळांवर ठेवली. बाई सांगू लागल्या. आवाज रोजचाच, हुकूम देण्याचा. सदर गुणांची नोंद मी केली. माझे खाते बंद झाले होते. ते उघडण्यासाठी परवानगी मागणे मला कमीपणाचे वाटले. विभागातील सर्वांचे पासवर्ड पाकिटात घेण्याची पद्धत मी घातली आणि नियम आल्यानंतरही ती मोडली नाही. टंकलेखकांनी पासवर्ड टेबलावर ठेवला नव्हता. माझ्या आज्ञेवरून माझ्या स्वाधीन केला होता. नोंदवही सोबत जोडली आहे.

कळांचा आवाज खोलीभर होता. मास्तर 'कमीपणाचे' या शब्दावर एकदा अडखळले, एवढेच.

"दुसरा परिच्छेद," बाई म्हणाल्या. "एकतीस वर्षांपूर्वी प्रश्नपत्रिकेचे चुकीचे पाकीट कपाटातून मी काढून दिले होते."

कळा थांबल्या.

"हे नको, बाई."

"टंका."

"ते साहेब वारले. ती मुलं आज आजोबा झाली असतील. कोणाला काय पडलंय त्याचं?"

"समितीला पडलंय. तुमचं पुस्तक त्यांच्या टेबलावर आहे. जुना शेरा आणि हा मिळून तुम्हाला घरी पाठवतायत. ठाऊक आहे?"

मास्तरांना ठाऊक नव्हते. त्यांचा चेहरा पडला, आणि त्या पडलेल्या चेहऱ्यावर बाईंना पहिल्यांदा म्हातारपण दिसले. "मला वाटलं, ताकीद देतील," ते हळू म्हणाले. "हिला अजून सांगितलंही नाही. डोळ्यातून पाणी काढायचं नाही म्हणून बजावलंय डॉक्टरांनी."

"मग ती वेळ आणू नका त्यांच्यावर. टंका."

"तुमच्या नावाला बट्टा लागेल."

"लागू दे. माझ्या नावचा आहे. इतकी वर्षं तुमच्याकडे ठेवायला दिला होता."

मास्तरांनी बोटे कळांवरून उचलली. मग म्हणाले, "त्या दिवशी मी का बोललो, ते कधी विचारलं नाहीत."

"भीती वाटायची, काय सांगाल याची."

"काही विशेष नव्हतं हो. तुमचे वडील दारात उभे होते. भांडाराची वही घेऊन सहीला आले होते. त्यांच्यासमोर तुम्हाला बोलणी बसतील, ते बघवलं नाही. त्यांनी मला पहिल्या दिवशी बसायला स्टूल दिलं होतं." त्यांनी नाक ओढले. "पुढे एवढं लांबेल असं वाटलं नव्हतं."

बाईंना वडील दारात असल्याचे आठवत नव्हते. त्यांनी त्या दिवशी दाराकडे पाहिलेच नव्हते. खिडकीच्या काचेवर कोणीतरी टकटक केली, उत्तर न मिळाल्याने निघून गेले.

"सदर चुकीचा दोष टंकलेखकांनी स्वतःवर घेतला," बाई पुढे म्हणाल्या, "आणि मी तो घेऊ दिला. त्या शेऱ्यामुळे विभागप्रमुखाची जागा त्यांना मिळाली नाही, मला मिळाली. पूर्णविराम."

मास्तरांनी पूर्णविराम दिला. तो मात्र त्यांनी हळूच दिला.

समिती गुरुवारी अकराला बसली. प्राचार्य, एक प्राध्यापक आणि पासवर्डबाई. निवेदन वाचून झाले तरी बाई उभ्या होत्या; कोणी तीनदा बसा म्हणाले तरी उभ्याच.

"दुसरा परिच्छेद आपण मागे घेऊ शकता," प्राचार्य म्हणाले. "इतकं जुनं आम्ही तपासूही शकत नाही."

"तपासायचं कशाला? करणारी समोर उभी आहे."

प्राध्यापक खोकले. पासवर्डबाई नोंदवहीची पाने उलटत होती. पाकीट क्रमांक, दिली, घेतली, तारीख, वेळ, कारण. आठ वर्षे, एकही रकाना कोरा नाही.

"मॅडम," ती शेवटी म्हणाली, "इतकी नीट नोंद माझ्या विभागातसुद्धा कोणी ठेवत नाही. पण मंगळवारी हे पाकीट तुमच्याऐवजी दुसऱ्याच्या हाती लागलं असतं, आणि त्याने सही केली नसती, तर मास्तर आज कशानेच सुटले नसते."

बाईंनी तिच्याकडे पाहिले. या मुलीला 'बाळ' म्हणणे त्यांना या वेळी सुचले नाही. "बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "वही माझ्या स्वभावावर चालली होती. स्वभावाचा भरवसा धरून विभाग चालवू नये. शुक्रवारचा वर्ग किती वाजता असतो?"

"दोनला."

"येते. मास्तरांनाही आणते. त्यांचं यंत्राशी जुनं भांडण आहे, ते मिटवा."

निर्णय अर्ध्या तासात झाला. टंकलेखकांना पहिली आणि साधी ताकीद. परीक्षा विभागाचा कार्यभार दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडे. बाईंना उरलेले आठवडे विभागात साध्या लिपिकाचे काम. समारंभाबद्दल प्राचार्य काही बोलू लागले, तेव्हा बाईंनी हात वर करून त्यांना थांबवले. पत्रिका अजून छापायला गेलेल्या नाहीत, एवढेच सांगितले.

मग आस्थापनाचा कारकून दोन सेवापुस्तके घेऊन आला. एक जाडजूड, कडा फाटलेले. दुसरे त्याच वयाचे पण नवेकोरे वाटावे असे. मास्तरांनाही बोलावून घेतले होते. ते दारापाशी अवघडून उभे राहिले. कारकुनाने पहिले पुस्तक उघडले, पिवळ्या पडलेल्या पानावरचा तो एक शब्द शोधला आणि पट्टी लावून त्यावर लाल शाईची आडवी रेघ मारली. प्राचार्यांनी शेजारी सही केली, तारीख घातली. मग दुसरे पुस्तक उघडले. चौतीस वर्षांच्या कोऱ्या रकान्यात कारकुनाचा टाक क्षणभर थबकला.

"काय लिहू, साहेब?"

प्राचार्यांनी बाईंकडे पाहिले.

"तोच शब्द लिहा," बाई म्हणाल्या. "दोन वेळा. एक जुन्या तारखेचा, एक नव्या."

कारकुनाने लिहिले. बाईंनी पुस्तक आपल्याकडे वळवून घेतले, चष्मा नाकावर सरकवून दोन्ही ओळी नीट वाचल्या, तारखा पाहिल्या आणि खाली सही केली. मग मास्तरांचे पुस्तक त्यांच्यापुढे सरकवले. मास्तर पुढे येऊन त्या लाल रेघेकडे बघत राहिले. मग त्यांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला.

"फिटलं, बाई," शेवटी ते म्हणाले. "सगळं फिटलं."

तेव्हा कुठे बाई खुर्चीवर बसल्या.